नोटिशीतला एक शब्द आणि वहीतलं 'पी'चं पान

'ताई, मी २४ वर्षांची आहे. बी.कॉम. झाल्यावर इथल्या एका वकिलांच्या ऑफिसात लागले. टायपिंग, तारखांची डायरी, झेरॉक्स, पक्षकारांचे फोन, सगळं बघते. शिक्षण मराठी माध्यमातलं. सोबत स्पर्धा परीक्षेचा अभ्यासही चालू आहे. गेल्या महिन्यात चेक बाउन्सच्या एका नोटिशीत मी "प्रॉसिक्यूट"च्या (खटला भरणं) जागी "पर्सिक्यूट" (छळ करणं) टाइप केलं. सरांनी सही करायच्या आधी ते पकडलं, पण समोर पक्षकार बसले होते आणि सरांनी त्यांच्यासमोरच ते मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे हसले. तेव्हापासून "पी"ने सुरू होणारा कुठलाही शब्द आला की हात थांबतो. माझी शब्दांची एक वही आहे, अक्षरानुक्रमे केलेली. "पी"च्या पानावर प्रिसीड-प्रोसीड, प्रिस्क्राइब-प्रोस्क्राइब, पर्स्पेक्टिव्ह-प्रॉस्पेक्टिव्ह अशा जोड्या आहेत. दोन्ही अर्थ पाठ आहेत, पण कुठला कुणाचा ते ऐन वेळी उलटसुलट होतं. ही मराठी माध्यमाची उणीव आहे का? वही टाकून देऊ का? आणि "सी"च्या पानावर काउन्सेल-काउन्सिलचंही असंच आहे. मला "तू"च म्हणा.'
एक वाचक, संगमनेर

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: 'दोन्ही अर्थ पाठ आहेत, पण कुठला कुणाचा ते ऐन वेळी उलटसुलट होतं.' अडचण कुठे आहे ते तू अचूक पकडलं आहेस. अर्थ तुला येतात. पण दोन्ही शब्द तू एकाच दिवशी, एकाच पानावर, शेजारी शेजारी लिहून पाठ केलेस. त्यामुळे एक आठवायला गेलं की दुसराही सोबत येतो, आणि घाईच्या वेळी हाताला जो आधी लागेल तो कागदावर उतरतो.

मराठी माध्यमाचा प्रश्न आधी घेते, कारण तो तुला आतून खातोय असं दिसतं. ही मराठी माध्यमाची उणीव नाही. इस्राएलमधल्या हैफा विद्यापीठाच्या बाटिया लाउफर यांनी १९८०च्या दशकात इंग्रजी शिकणाऱ्यांच्या नेमक्या याच गोंधळाचा अभ्यास केला आणि रूपाने इतक्या जवळच्या असणाऱ्या शब्दांना 'सिनफॉर्म' असं नावच दिलं. घरात इंग्रजीच बोलणारेही यातून सुटत नाहीत. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जीन एचिसन यांनी त्याचं कारण फार चांगलं समजावलं आहे. टबात पहुडलेल्या माणसाचं डोकं एका टोकाला आणि पाय दुसऱ्या टोकाला पाण्याबाहेर दिसतात, मधलं अंग पाण्याखाली असतं. तशी शब्दाची सुरुवात आणि शेवट आपल्या आठवणीत ठळक राहतात, मधला भाग पुसट होतो. आता तुझे दोन शब्द बघ. सुरुवातीला दोन्हीकडे 'पी', शेवटी दोन्हीकडे 'सिक्यूट'. फरक मधल्या दोन अक्षरांचा, 'आर-ओ' की 'ई-आर' एवढाच. जो भाग आठवणीतून सगळ्यात आधी निसटतो, नेमका त्याच्यावरच इथे सगळा अर्थ टांगलेला आहे.

त्यात भर पडते ती शिकण्याच्या रीतीची. १९९०च्या दशकात संशोधक टॉमस टिंकहॅम यांनी प्रयोग करून पाहिले, तेव्हा अर्थाने एका गटातले शब्द एकत्र शिकायला, एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांपेक्षा जड जातात असं दिसलं. शब्दसंग्रह कसा वाढतो यावर ज्यांनी आयुष्यभर काम केलं ते न्यूझीलंडचे पॉल नेशन शिक्षकांना हेच सांगत आले आहेत: गोंधळ होईल अशी जोडी एकाच तासाला शिकवू नका, आधी एक शब्द पक्का होऊ द्या, मग दुसरा आणा. आपल्याकडची बरीचशी परीक्षांची पुस्तकं मात्र बरोबर उलटं करतात. 'कन्फ्यूजिंग वर्ड्स' असा मथळा आणि खाली जोड्याच जोड्या. ज्या मुलीला त्यातला एकही शब्द माहीत नव्हता, तिला ते पुस्तक पहिल्याच दिवशी गोंधळासकट दोन्ही शब्द देतं. हे मला मनापासून खटकतं. तुझी वही त्या पुस्तकांवरूनच तयार झाली आहे.

मराठीत तू हे कसं निभावतेस ते आठव. प्रयोग, उपयोग, वियोग, संयोग, आयोग, उद्योग, अभियोग. सगळ्यांच्या पोटात एकच 'युज्' धातू, शेवट सगळ्यांचा सारखा. तरी 'नाटकाचा वियोग' किंवा 'लोकसेवा उद्योग' असं तुझ्या तोंडून कधी निघालं का? निघणारच नाही, कारण हे शब्द तू एका पानावर शिकली नाहीस. 'प्रयोग' आला नाटकाबरोबर आणि शाळेच्या प्रयोगवहीबरोबर. 'आयोग' आला परीक्षेच्या जाहिरातीबरोबर. 'उद्योग' तर 'नसते उद्योग करू नकोस' असं आईच्या तोंडून आला असेल. आणि 'अभियोग पक्ष' तू आता कोर्टात ऐकतेस. प्रत्येक शब्द आपापल्या सोबत्यांबरोबर आला आणि त्यांच्याबरोबरच राहिला. इंग्रजी शब्दांनाही असे सोबती मिळवून द्यायचे, एवढंच काम आहे. या पत्रात मी जोड्या शेजारी शेजारी मांडणार आहे, कारण तुझ्या डोक्यात त्या आधीच तशा आहेत आणि आता सोडवायच्या आहेत. नवे शब्द शिकताना मात्र असं करू नकोस.

सुरुवात त्या नोटिशीपासूनच करू. ती नोटीस कलम १३८ची, म्हणजे १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टखालची. चेक परत आल्याचं बँकेने कळवलं की ३० दिवसांत लेखी मागणी करायची, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत समोरच्याने पैसे द्यायचे, नाही दिले तर फिर्याद. म्हणून शेवटी ते ठरलेलं वाक्य येतं: 'फेलिंग विच, माय क्लायंट शॅल बी कन्स्ट्रेन्ड टू प्रॉसिक्यूट यू.' पैसे न दिल्यास माझ्या अशिलाला तुमच्यावर खटला भरणं भाग पडेल. तिथे 'पर्सिक्यूट' पडलं की वाक्य होतं, माझ्या अशिलाला तुमचा छळ करणं भाग पडेल. सरांनी ते सहीआधी पकडलं हे फार बरं झालं. कायदेशीर नोटिशीत छळाची धमकी गेली असती तर समोरच्या वकिलाने ती जपून ठेवली असती.

'प्रॉसिक्यूट'चे सोबती तुला कोर्टात रोज भेटतात. ज्यांना सगळे 'पीपी साहेब' म्हणतात ते पब्लिक प्रॉसिक्यूटर. फौजदारी खटल्यातल्या साक्षीवर 'पी.डब्ल्यू. १' लिहिलेलं असतं, तो प्रॉसिक्यूशनचा पहिला साक्षीदार. रेल्वेच्या हद्दीत 'ट्रेसपासर्स विल बी प्रॉसिक्यूटेड' अशी पाटी असते. १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७खाली रुळांवर विनापरवाना शिरणाऱ्यावर खटला होऊ शकतो, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. कायदा, कलम, आरोपी, न्यायालय: 'प्रॉसिक्यूट' या घरचा. त्यात चांगलं-वाईट काही नाही, ती एक कायदेशीर कारवाई आहे.

'पर्सिक्यूट' दुसऱ्याच घरचा. धर्म, वंश, मत, जात यांपायी माणसांना सतत त्रास देणं. निर्वासितांच्या हक्कांसाठी १९५१ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने जो करार झाला, त्यात निर्वासित कोण याची व्याख्याच या शब्दावर उभी आहे: छळ होईल अशी सार्थ भीती असल्यामुळे जो आपल्या देशाबाहेर आहे तो. पारशी लोक इराण सोडून गुजरातच्या किनाऱ्यावर संजाणला का आले ते सांगताना हाच शब्द येतो. दोन्ही शब्द एकाच ठिकाणी हवे असतील तर गोव्याचा इतिहास काढ. १५६० साली तिथे इन्क्विझिशनचं, म्हणजे चर्चच्या धर्मचौकशीचं, न्यायासन बसलं, ते मधली काही वर्षं सोडता १८१२पर्यंत चाललं. त्या न्यायासनापुढे लोकांवर रीतसर आरोप ठेवले गेले, सुनावण्या झाल्या, शिक्षा झाल्या, म्हणून त्याच्या कागदांत ते प्रॉसिक्यूशन. आणि श्रद्धेपायी माणसांना छळलं गेलं, म्हणून इतिहासात ते पर्सिक्यूशन. पहिला शब्द काय प्रक्रिया झाली ते सांगतो, दुसरा ती अन्यायाची होती असा निवाडा देतो.

दोन्हींचं मूळ एकच आहे, लॅटिन 'सेक्वी', म्हणजे मागे जाणं, पाठलाग करणं. 'सीक्वेन्स', 'कॉन्सिक्वेन्स' त्यातलेच. 'प्रो' म्हणजे पुढे: एखादं काम पुढे नेत राहणं. 'पर' म्हणजे आरपार, शेवटपर्यंत: एखाद्याचा पिच्छा न सोडणं. तू संस्कृत थोडं तरी शिकली असशील, तर हे उपसर्ग तुला परके वाटायला नकोत. लॅटिन 'प्रो' आणि आपला 'प्र' हे भाऊबंद आहेत: प्रगती, प्रस्थान, प्रवाह, सगळं पुढे जाणारं. 'अंतर्' आणि 'इंटर', 'उप' आणि 'सब' हेही असेच एका कुळातले. लॅटिन 'पर'ला कधी कधी वाईटाकडे नेण्याची छटाही असे, आणि ती कोर्टातल्या एका शब्दात ठळक दिसते. 'जुरारे' म्हणजे शपथ घेणं, त्याला 'पर' लागला की 'पर्जरी', शपथेवर खोटं बोलणं. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम १९३, आता भारतीय न्याय संहितेचं २२९. 'पेरिश' म्हणजे नाश पावणं, त्यातही तीच छटा आहे.

पण उपसर्गाच्या जोरावर अर्थ ओळखायला जाऊ नकोस. शब्द कळल्यावर तो मनात ठसवायला उपसर्ग मदत करतो, न कळलेल्या शब्दाचा अर्थ त्यावरून काढायला गेलीस तर फसशील. 'प्रिव्हेंट' घे. 'प्री' म्हणजे आधी, 'व्हेनिरे' म्हणजे येणं, मिळून 'आधी येणं'. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये हा शब्द खरोखर त्याच अर्थाने आहे. आज त्याचा अर्थ रोखणं, आणि तो फोड करून कुणालाही सुचणार नाही. शिवाय 'प्राइस', 'प्रेस', 'पर्सन' यांत सुरुवातीची अक्षरं दिसायला तशीच असली तरी हे उपसर्ग नाहीतच.

आता तुझ्या पानावरची मला सगळ्यात धोक्याची वाटणारी जोडी, 'प्रिस्क्राइब' आणि 'प्रोस्क्राइब'. पहिलीचा अर्थ ठरवून देणं, दुसरीचा बंदी घालणं. एका स्वराने अर्थ थेट विरुद्ध होतो. डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन सगळ्यांना माहीत असतं, पण तुझ्या टेबलावर हा शब्द वेगळ्याच रूपात रोज येतो: 'विहित नमुना'. 'विहित नमुन्यात अर्ज करावा' हे इंग्रजीत 'इन द प्रिस्क्राइब्ड फॉर्म'. कुठलाही कायदा उघड, व्याख्यांच्या कलमात 'प्रिस्क्राइब्ड' म्हणजे या कायद्याखालच्या नियमांनी ठरवून दिलेलं, असं वाक्य बहुधा सापडेल. तिथे 'प्रोस्क्राइब्ड फॉर्म' लिहिलं तर अर्थ होईल बंदी घातलेला नमुना.

तुझ्या ऑफिसात 'प्रिस्क्रिप्शन'ची आणखी एक जागा आहे. शेतरस्त्याचे वाद तुमच्याकडे येतच असतील. १८८२च्या इझमेंट्स ॲक्टचं कलम १५ सांगतं की २० वर्षं शांतपणे, उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता दुसऱ्याच्या जमिनीतून वहिवाट केली तर तो वहिवाटीचा हक्क पक्का होतो. जमीन सरकारी असेल तर ३० वर्षं. असा हक्क मिळणं म्हणजे 'इझमेंट बाय प्रिस्क्रिप्शन'. डॉक्टरची चिठ्ठी, विहित नमुना आणि बांधावरची वाट एका शब्दात कशी आली? 'प्री' म्हणजे आधी, 'स्क्रिबेरे' म्हणजे लिहिणं. रोमन कोर्टात दाव्याच्या मजकुराच्या माथ्यावर आधीच जे कलम लिहिलं जाई ते 'प्रेस्क्रिप्टिओ'. पुष्कळ काळ ताबा आहे, हा बचाव तिथे मांडत, आणि म्हणून काळाने मिळणाऱ्या हक्काला तेच नाव पडलं.

'प्रोस्क्राइब'चा उगमही रोमचाच, पण तो भीषण आहे. 'प्रो' म्हणजे पुढे, लोकांसमोर. लिहून जाहीर करणं. इसवी सनापूर्वी ८२ साली सुला या सेनापतीने आपल्या विरोधकांच्या याद्या लिहून रोमच्या चौकात लावल्या. यादीत नाव आलं की त्या माणसाला कुणीही मारावं, मारणाऱ्याला बक्षीस, मालमत्ता जप्त. इसवी सनापूर्वी ४३ साली पुन्हा अशा याद्या लागल्या, त्यात प्रसिद्ध वक्ता सिसेरो याचं नाव होतं, आणि त्याच वर्षी त्याला ठार मारलं गेलं. तेव्हापासून हा शब्द बंदीचा. ब्रिटिश राजवटीत ज्या पुस्तकांवर आणि पत्रकांवर बंदी आली त्यांना सरकारी कागदांत 'प्रोस्क्राइब्ड' म्हणत. एकदा चौकातली ती यादी मनात बसली की हा शब्द दवाखान्यात किंवा तहसील कचेरीतल्या अर्जावर ठेवायला तुझा हात जाणार नाही.

'प्रिसीड' आणि 'प्रोसीड'ला एवढा वेळ लागणार नाही. ग्रामपंचायतीत, सोसायटीत, पतसंस्थेत सभेचं जे 'प्रोसिडिंग बुक' असतं, त्यात सभेचं कामकाज पुढे कसं चाललं ते लिहिलेलं असतं. 'प्रोसीड' म्हणजे पुढे चालणं. 'प्रिसीड' म्हणजे आधी असणं, आणि आधीचा जो निवाडा दाखला म्हणून दिला जातो तो 'प्रेसिडेंट'. कानाला हा अगदी अध्यक्षांसारखा लागतो, म्हणून स्पेलिंगकडे बघ, तिथे मजा आहे. दाखल्यात 'सी' आहे, कारण मूळ 'सेडेरे' हे 'सी'ने लिहिलेलं, म्हणजे चालणं. अध्यक्षांत 'एस' आहे, कारण मूळ 'सेडेरे' हे 'एस'ने लिहिलेलं, म्हणजे बसणं. सगळ्यांसमोर बसतो तो प्रेसिडेंट. बसण्याचा हाच 'एस' तुझ्या सेशन्स कोर्टातही आहे. आणि संचालक मंडळ 'सुपरसीड' केलं असं सहकारात म्हणतात, त्या शब्दातही: वरून येऊन बसणं. त्यामुळे तो शब्द 'सी'ने लिहिणारे खूप भेटतात आणि ते सगळे चुकतात. 'डबल ई' फक्त 'प्रोसीड', 'एक्सीड', 'सक्सीड' या तिघांना. 'प्रोसीजर'मध्ये मात्र ती एकच होते.

'पर्स्पेक्टिव्ह' म्हणजे आरपार बघणं, चित्रकलेच्या तासाला शिकवतात ते यथार्थदर्शन आणि त्यावरून दृष्टिकोन. 'प्रॉस्पेक्टिव्ह' म्हणजे पुढे होऊ घातलेला. कॉलेजचं प्रॉस्पेक्टस पुढे प्रवेश घेणाऱ्यासाठी असतं, ते आठव. पहिला बहुतेक नाम, दुसरा विशेषण: 'माझा पर्स्पेक्टिव्ह' असतो, 'प्रॉस्पेक्टिव्ह खरेदीदार' असतो. एवढं पुरे.

तुझ्या पानावर नाही, पण खरेदीखतं टाइप करताना तुला लागणारा एक शब्द मला राहवत नाही म्हणून सांगते, 'प्रेमिसेस'. जुन्या इंग्रजी खतांत मिळकतीचं वर्णन एकदा पूर्ण दिलं की पुढे तिला 'आधी पाठवलेलं', म्हणजे 'आधी सांगितलेलं', अशा अर्थी या शब्दाने संबोधत. वाचणाऱ्यांना वाटलं की हे घर-जागेचंच नाव आहे, आणि तो अर्थ रूढ झाला. म्हणून जागेसाठी तो नेहमी अनेकवचनी, आणि युक्तिवादाच्या गृहीतकासाठी एकवचनी 'प्रेमिस'. 'परमिट' आणि 'प्रॉमिस' याच 'पाठवणे' धातूचे. आरपार जाऊ देणं ते परमिट, पुढच्यासाठी शब्द पाठवणं ते प्रॉमिस, आणि त्यातूनच तुमच्या फायलींतली प्रॉमिसरी नोट.

आता वहीचं. टाकू नकोस. तिच्यात तुझे कष्ट आहेत आणि अर्थ बरोबर आहेत. पण यापुढे तिच्यातून पाठांतर करू नकोस. कुठला शब्द बघायचा असला तर उघड, बाकी वेळ मिटलेली राहू दे. नवी वही घे आणि तिची पानं अक्षरांप्रमाणे न करता कामांप्रमाणे कर. एक पान चेक बाउन्सच्या नोटिशीचं, एक वाटणीच्या दाव्याचं, एक मनाई हुकुमाचं, एक वहिवाटीच्या रस्त्याचं. प्रत्येक पानावर सुटे शब्द न लिहिता पूर्ण वाक्यं लिही, आणि ती स्वतः बनवू नकोस. सरांकडे जुन्या फायली असतील. त्यांनी स्वतः लिहिलेल्या, सही झालेल्या नोटिशी आणि दावे काढ आणि त्यातली वाक्यं जशीच्या तशी हाताने उतरव. मनाई हुकुमाच्या पानावर 'पर्पेच्युअल इंजंक्शन' आपोआप येईल, वाटणीच्या पानावर 'प्रिलिमिनरी डिक्री' येईल, आणि दोघांची गाठ पडण्याचं कारणच उरणार नाही.

जोडीतला एकच शब्द एका वेळी घे. तुला 'प्रॉसिक्यूट' रोज लागतो, तो घे. तो न अडखळता हाताखालून जायला लागेपर्यंत 'पर्सिक्यूट'कडे बघूच नकोस. तो तुझ्या कामात येणारही नाही, वर्तमानपत्रात येईल, तेव्हा बघ. वाक्य मोठ्याने म्हणत जा. आपण मराठी माणसं इंग्रजी शब्दाचं प्रत्येक अक्षर सारख्याच वजनाने उच्चारतो, त्यामुळे शब्द एकसुरी होतात आणि कानाला फरक कळत नाही. 'प्रॉसिक्यूट'चा 'प्रॉ' जोरात म्हण, स्वर मोकळा सोड. 'प्रिसीड' म्हणताना जोर 'सीड'वर येऊ दे.

टायपिंगसाठी एक साधी सवय. संगणकाचं शुद्धलेखन तपासणं अशा चुका बहुधा पकडत नाही, कारण 'पर्सिक्यूट' हा खरा शब्द आहे, त्याखाली लाल रेघ येत नाही. म्हणून तुझ्या धोक्याच्या शब्दांची छोटी यादी मॉनिटरशेजारी चिकटव: पर्सिक्यूट, प्रोस्क्राइब, आणि पुढे जे सापडतील ते. कागद प्रिंटला देण्याआधी 'फाइंड'मध्ये एकेक टाकून बघ. सापडला तर थांब आणि वाक्य वाच. बहुतेक वेळा सापडणार नाही, आणि तू निर्धास्तपणे प्रिंट काढशील. हात थांबतो म्हणतेस ना, तो यानेच मोकळा होईल, कारण टाइप करताना शंका घ्यायची गरज उरणार नाही. शंकेसाठी वेगळी वेळ ठरलेली असेल.

सरांचं वागणं मला आवडलं नाही. चूक दाखवायलाच हवी होती, पक्षकारांसमोर वाचून दाखवायला नको होती. फायली मागायला जाशील तेव्हा ऑफिसात दुसरं कुणी नसताना एवढंच सांग: 'सर, माझी चूक झाली की जरूर दाखवा, फक्त पक्षकार गेल्यावर दाखवाल का?' आवाज न चढवता, एकदाच. शिकायची इच्छा आणि हा आग्रह एकाच भेटीत मांडलास तर त्यांना दोन्ही समजतील असं मला वाटतं. ते वयाने, अनुभवाने मोठे आहेत म्हणून हे बोलू नये असं मनात आणू नकोस.

राहिलं काउन्सेल-काउन्सिल. 'काउन्सिल' म्हणजे परिषद, माणसांची संस्था: सरांच्या सनदेवर ज्यांचं नाव आहे ती बार काउन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा. हा तू आत्ता घे, सनद भिंतीवर लावलेली असेल तर येता जाता वाचत राहा. 'काउन्सेल' म्हणजे सल्ला आणि सल्ला देणारा वकील, 'काउन्सेल फॉर द पिटिशनर'. तो महिनाभराने घे, उच्च न्यायालयाचा एखादा निकाल उघडून त्यातल्या हजेरीच्या ओळींतून. तिथे एक बारकावा दिसेल: एकाच पक्षाचे तीन वकील उभे असले तरी सगळे मिळून 'काउन्सेल'च लिहिलेले असतात, शेवटी 'एस' लागत नाही.